ऑफिसातले सण, वर्गणीची यादी आणि 'प्रसाद तरी घ्या'

मोगरा_बावधन

नमस्कार मंडळी. बाणेरच्या एका डिझाइन ऑफिसात मी ॲडमिन बघते. साठ-सत्तर माणसं. आमच्याकडे 'उत्सव समिती' नावाचं प्रकरण आहे आणि यंदा ते माझ्या गळ्यात आलंय.

वर्षाचा कार्यक्रम ठरलेला आहे. वर्धापनदिनाला सत्यनारायण, दीड दिवसाचा गणपती, नवरात्रात नऊ रंग, दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडू, दिवाळीत बे डेकोरेशनची (आपापल्या टीमच्या बसायच्या जागा सजवायची) स्पर्धा नि ट्रॅडिशनल डे, डिसेंबरात सीक्रेट सांता. आमचे सर जुन्या वळणाचे पण मनाने मोठे. कंपनी सुरू झाली तेव्हा सगळे कोथरूड-डोंबिवलीचे होते, त्यामुळे कधी काही विचारायची वेळच आली नाही. आता त्रिशूरची मुलगी आहे, लखनौचे दोघं, कोलकात्याचा एक, वसईचे ख्रिस्ती, जैन, बौद्ध असे सगळे आहेत. उघड तक्रार कोणाचीच नाही. पण गणपतीच्या वर्गणीची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते, नावापुढे रक्कम नि बरोबरची खूण. ज्यांच्यापुढे खूण नाही ते ग्रुपवर गप्प असतात, आणि त्या गप्प राहण्याची मला हल्ली धास्ती वाटते.

तुमच्याकडे काय करतात? सगळ्यांचे सण करायचे म्हटलं तर काम कधी करायचं, आणि सगळेच बंद केले तर ऑफिसात उरलं काय?

खारी_बिस्कीट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तोवर एकच सूचना. सत्यनारायण ठेवा न ठेवा, शिरा मात्र ठेवा. सव्वाच्या मापाचा, केळं घातलेला. घरी तसा होत नाही.

टर्नर_भोसरी

ताई, आमच्याकडे वर्कशॉप आहे, तिथे हा प्रश्न जरा वेगळा येतो. खंडेनवमी हा आमच्याकडे मशीनचा सण. आदल्या दिवशी दुपारनंतर उत्पादन बंद. चिप ट्रे उपसायचे, कूलंटची, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढायचा, स्लाइडवे (ज्यावर मशीनचे भाग सरकतात त्या पट्ट्या) पुसून तेल द्यायचं, पॅनेलचे फिल्टर झटकायचे. वर्षभर 'उद्या बघू' म्हणून राहिलेलं सगळं त्या एका दुपारी होतं. मग व्हर्नियर, मायक्रोमीटर, स्पॅनर, टूल होल्डर टेबलावर मांडून पूजा. आमच्या ग्राइंडिंगचा सगळ्यात जुना माणूस मुसलमान आहे. त्याच्या मशीनचा नारळ तोच फोडतो, कारण मशीन त्याचं. यात कोणाला काही वावगं वाटलेलं नाही.

मागच्या काही वर्षांत बिहार-झारखंडची पोरं वाढली. त्यांची विश्वकर्मा पूजा १७ सप्टेंबरला. ती कन्या संक्रांतीवर म्हणजे सूर्यावर चालते, म्हणून तारीख सहसा हलत नाही. आमची नवमी पंचांगाप्रमाणे पुढेमागे. मालक म्हणाले, दोन-दोनदा मशीन कशाला बंद ठेवायची, एकच काय ती ठरवा. तर मेंटेनन्सवाला म्हणतो, साहेब दोन्ही होऊ द्या, टाकी दोनदा साफ झाली तर माझी काही तक्रार नाही. तेव्हापासून दोन्ही होतात.

अवांतर, पण कामाचं: नारळ मशीनच्या बेडवर फोडू नका. कोरडं कुंकू स्लाइडवेवर उधळू नका. झेंडूच्या पाकळ्या कूलंटच्या टाकीत गेल्या की पंपाची जाळी तुंबलीच म्हणून समजा.

तळ्यात_मळ्यात

टर्नरभाऊंच्या अवांतरात आमची भर. एका जुन्या कंपनीत उत्साही मंडळींनी दसऱ्याला सर्व्हर रूममध्ये उदबत्ती लावली. तिथे धूर ओळखणारे सेन्सर, आणि आग लागली तर गॅस सोडणारी यंत्रणा. अलार्म कोकलायला लागला. गॅस सुटायच्या आत एकाने ॲबॉर्टचं बटण दाबून धरलं म्हणून निभावलं. पुढच्या वर्षीपासून सर्व्हरला फक्त फूल, तेही दाराबाहेर.

इंदिरानगरचा_मराठी

बंगळुरात आयुधपूजा म्हणजे ऑफिसातला सगळ्यात मोठा दिवस. स्वागतकक्षातल्या संगणकापासून सीईओच्या गाडीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू. वाटायला चुरमुरे, मिठाई. धर्म वगैरे कोणी काढत नाही. त्रास फक्त कोहळ्याचा. कुंकू भरून रस्त्यावर आपटतात आणि मग दोन दिवस दुचाक्या घसरतात. महापालिका दरवर्षी सांगते, दरवर्षी कोहळे फुटतात.

निळी_शाई

हे सगळं छान छान चाललंय, म्हणून थोडं वेगळं लिहितो.

मी सरकारी कार्यालयात आहे. दसरा आमच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून असतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तो दिवस विजयादशमीचाच होता. दीक्षेच्या वेळी घेतलेल्या २२ प्रतिज्ञा आमच्या घरात भिंतीवर आहेत. त्यात देवदेवतांची पूजा करणार नाही, हे स्वच्छ लिहिलंय. आता कार्यालयात सत्यनारायण असतो. मी माझ्या टेबलावर काम करत बसतो. कोणीतरी द्रोण घेऊन येतं: 'पूजेला नाही आलात, प्रसाद तरी घ्या.' घेतला तर बातमी, नाही घेतला तर मोठी बातमी. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो हो. पण सात-आठ जण बघत असतात तेव्हा त्या द्रोणात नुसता शिरा राहत नाही.

आणि १४ एप्रिलच्या आसपास हार घालायला बोलावलं की निम्मं ऑफिस नेमकं 'तातडीच्या फायली'त असतं. ते कोणी मोजत नाही.

सरकारी कार्यालयात धार्मिक विधी नको, कारण ते सगळ्यांच्या पैशाने चालतं, असं माझं मत आहे. खाजगी कंपनीत मालकाची मर्जी. पण तिथेही कोण आलं, कोण नाही याची मोजणी नको.

कोकणकडा

म्हणजे आपल्याच राज्यात आपलेच सण चोरून करायचे? इफ्तार पार्ट्या होतात तेव्हा हे का आठवत नाही?

निळी_शाई

सरकारी पैशाने असतील तर त्याही नकोत. मी वर 'धार्मिक विधी' लिहिलंय, कोणाचा ते लिहिलेलं नाही. आणि चोरून करा असं नेमकं कुठल्या ओळीत दिसलं?

कोकणकडा

ओळीत नाही, रोखात दिसलं.

(दोन प्रतिसाद काढले आहेत. धागा कामाच्या ठिकाणच्या सणांबद्दल आहे, त्याचा काश्मीर करू नका. – व्यवस्थापन)

कोकणकडा

बरं. मुद्द्याचं लिहितो. तीस वर्षं कल्याण-मुंबई लोकल केली. दसऱ्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी आमच्या डब्यात पूजा असते. खिडक्यांना तोरणं, भजनी मंडळ, पेढे. रोजचं जागेवरून भांडणारं गिऱ्हाईकसुद्धा त्या दिवशी उठून जागा देतं. तिथे वर्गणीची यादी लागत नाही. ज्याला द्यायचे तो देतो, नको तो खिडकीबाहेर बघतो, नाहीतर शेजारच्या डब्यात चढतो. ऑफिसात शेजारचा डबा नसतो, एवढं मात्र मान्य.

निळी_शाई

आता बोललात.

शाखाधिकारी_निवृत्त

बँकेत आयुष्य गेलं. आमच्या शाखेत संक्रांत ते रथसप्तमीच्या मध्ये एका शनिवारी काम संपल्यावर हळदीकुंकू व्हायचं. स्टाफच्या बायका, काही नेहमीच्या ग्राहक बायका. हौस दांडगी. वाण काय लुटायचं यावर डिसेंबरपासून खल.

एके वर्षी कॅशमधल्या एक बाई त्या दिवशी काम संपायच्या आधीच रजेचा अर्ज देऊन निघाल्या. यजमान जाऊन वर्ष झालं होतं. कोणी त्यांना 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. कोणी 'या' असंही म्हटलं नव्हतं. सोमवारी आमच्या हेड क्लार्क बाईंनी सरळ जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून हळदीकुंकू ज्याच्या त्याच्या घरी, शाखेत फक्त तिळगूळ, आणि तो सगळ्यांना, पुरुषांनासुद्धा. कुरबुर झाली. 'आमची एवढीशी हौस' वगैरे. पण झालं तसंच. त्या बाई पुढच्या वर्षी तिळाच्या वड्या स्वतः करून घेऊन आल्या, आणि खरं सांगतो, कडक झाल्या होत्या.

मोगराताई, तुमच्या यादीतला प्रत्येक कार्यक्रम या नजरेने एकदा बघा. त्या दिवशी कोण लवकर घरी जातं? हजेरीच्या मशीनमध्ये सगळं सापडतं.

न्यू_जर्सीची_सून

शाखाधिकारीकाका, दंडवत.

रांगोळी, फुलांच्या माळा, फराळाच्या प्लेटा लावणं ही कामं 'मुली करतील' असं न बोलता ठरलेलं असतं, त्यावर कोणीच लिहिलं नाही? पुण्यात नोकरीला होते तेव्हा दिवाळीच्या आठवड्यात आमच्या टीममधल्या मुली दुपारी दोनपासून जमिनीवर रांगोळीत, आणि मुलगे कोड रिव्ह्यूत. अप्रेझलला रांगोळी कोणी धरली नाही.

आणि ते नऊ रंग! धर्मशास्त्रात त्याला काही आधार नाही, वीसेक वर्षांपूर्वी मटाने (महाराष्ट्र टाइम्सने) रुजवलेली कल्पना आहे. मजा म्हणून ठीक. पण फोटोत पिवळ्या साड्यांची रांग असते आणि कडेला निळ्या युनिफॉर्ममध्ये हाउसकीपिंगच्या मावशी फोटो काढून देत असतात. त्यांना रंग नाहीत.

इकडे अमेरिकेत दिवाळी ऑफिसात करायची तर पणती पेटवता येत नाही, आगीचे नियम. बॅटरीचे दिवे. फराळावर शेंगदाणे, काजू, बदाम कशात आहेत त्याच्या चिठ्ठ्या लावायच्या, कारण ॲलर्जी म्हणजे गंभीर प्रकरण. सुट्टी नसते, फ्लोटिंग हॉलिडे असतो, तो प्रत्येकाने आपल्या सणाला घ्यायचा. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना आता दिवाळीची सुट्टी मिळते, पण बहुतेक ऑफिसं चालूच. रजा मागताना मॅनेजरला दरवर्षी 'यंदा कधी आहे तुमची?' याचं उत्तर द्यावं लागतं. त्या खुर्चीत बसल्यावर मला आमच्या पुण्यातल्या केरळी मैत्रिणीचा ओणम आठवला. आम्ही तिला कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

दुबईतला_देवगडी

इथे रमझानमध्ये खाजगी कंपन्यांतसुद्धा रोजचे दोन तास कमी होतात, आणि ते सगळ्यांना. उपास करणारा असो नसो, धर्म कुठला का असेना. त्यामुळे आम्ही हिंदू मंडळीही रमझानची वाट बघतो, खोटं कशाला बोला. ऑफिसात जेवणारे पँट्रीत दार लावून जेवतात. सांगावं लागत नाही. संध्याकाळी खजूर फोडायला बोलावलं की जातो. दिवाळीला आमचा इजिप्शियन मॅनेजर चकली मागून घेतो. तिला तो तिखट बिस्कीट म्हणतो.

गुलमोहर७

मी सोलापूरची, सध्या हिंजवडीत. मुसलमान आहे. थोडं आतल्या बाजूने लिहिते.

ऑफिसात गणपती असला की मला त्रास होत नाही. सोलापुरात गणपतीच्या मिरवणुका बघतच मोठी झालेय. आरती सुरू असताना मी मागे उभी राहते, टाळ्या वाजवत नाही. ते कोणाला दिसत नाही, मलाही दाखवायचं नसतं. त्रास कधी होतो? ट्रॅडिशनल डेला 'अरे, तू साडीत! वाटत नाहीस हं!' असं कौतुक होतं तेव्हा.

आमच्यासाठी म्हणून कंपनीने एक वर्ष इफ्तार ठेवला. दुपारी चार वाजता. बिर्याणी, बॅनर, फोटो. सूर्य मावळायला अजून अडीच-तीन तास होते. आम्ही तिघं रोजेदार हातात प्लेट धरून फोटोत हसतोय. असल्या सणापेक्षा रमझानमध्ये संध्याकाळी साडेसहाची क्लायंट मीटिंग अर्धा तास पुढे ढकलली असती ना, तर मी जन्मभर नाव घेतलं असतं.

टर्नरदादा, तुमच्या ग्राइंडिंगवाल्या चाचांबद्दल. त्यांना खरंच आवडत असेल. पण कोणी विचारलंय का कधी?

टर्नर_भोसरी

उद्या विचारतो.

पणजीकर

आमच्या गोव्यात असले प्रश्न पडत नाहीत असं म्हणणार होतो, पण पडतात. फक्त आधी खाऊन घेतात, मग पडतात. चवथीच्या आदल्या दिवसापासून ऑफिस रिकामं. कोण कितीही मोठा साहेब असो, तो गावच्या घरी गणपतीवर माटोळी (फळाफुलांचं छत) बांधत असतो. त्या दिवसांत काउंटर ख्रिस्ती सहकारी चालवतात आणि नाताळात आम्ही. चवथीच्या नेवऱ्या त्यांच्या टेबलावर, नाताळचा दोदोल नि बेबिंका आमच्या टेबलावर. ऑफिसात पूजा-बिजा फारशी होत नाही. सण घरी, ऑफिसात डबा.

रात्रपाळी

पणजीकर जे म्हणताहेत ते आमच्याकडे वहीत लिहिलेलं असतं.

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स आहे. आमचा वॉर्ड सणाला बंद होत नाही. दिवाळीत तर भाजलेले येतात, होळीला डोळ्यात रंग गेलेले, दहीहंडीला पडलेले. म्हणजे तुमचा सण तो आमचा कामाचा दिवस. त्यामुळे आमच्याकडे सण 'साजरा' करणं म्हणजे ड्यूटी बदलून देणं.

आमच्या निम्म्या सिस्टर केरळच्या. ओणमला त्या पहाटे येऊन नर्सिंग स्टेशनच्या बाहेर फुलांचा पूक्कळम घालतात आणि दुपारी आळीपाळीने केळीच्या पानावर जेवतात. छान दिसतं, पेशंटही बघायला येतात. पण त्यांची खरी गरज २४ डिसेंबरच्या रात्रीची, मिडनाइट मासला जायचं असतं. ती रात्र आम्ही घेतो, मी आणि दोघी कोकणातल्या. त्या बदल्यात गणपतीचे दिवस आम्हाला मिळतात. ईदच्या दिवसाचं आमच्या वॉर्डबॉयचं काम एक गुजराती ब्रदर करतो, आणि धुळवडीच्या दिवशी तो गायब.

मेट्रनच्या टेबलावर वही असते. डाव्या रकान्यात 'मला हवा', उजव्या रकान्यात 'मी देते'. उजवा रकाना भरल्याशिवाय डावीकडे नाव लिहायचं नाही, एवढाच नियम. कोणी किती भाविक, ते मेट्रनला माहीत नाही आणि विचारतही नाही. इतकी वर्षं एका टेबलावर डबे खाल्ले, पण आमच्या सिस्टर कोणत्या चर्चच्या, ते मला आजही सांगता येणार नाही. २४ तारखेला त्या किती वाजता निघतात ते सांगता येईल.

खारी_बिस्कीट

हा प्रतिसाद चिकटवून ठेवा रे वरती. (शिऱ्याची मागणी मागे घेतलेली नाही.)

लेबर_कोर्टाच्या_मागे

ताईंच्या उपयोगाचं. ऑफिस असल्याने तुम्हाला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम लागू असणार. त्यात सणांच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार पक्क्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या, वर्ष सुरू व्हायच्या आधी. बहुतेक ठिकाणी होतं काय, एचआर मागच्या वर्षीची यादी काढतं, तारखा बदलतं आणि मेल करतं. 'मिळून ठरवायच्या' हे कोणाच्या गावीही नसतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या चार दिवसांत आहे.

जाता जाता, दिवाळी आणि बोनस ही जोडी आली ती १९६५ च्या बोनस कायद्याच्याही आधीपासून. पुढे कायद्याने त्याला पगाराच्या किमान ८.३३ आणि कमाल २० टक्क्यांची चौकट दिली. आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा, म्हणजे नोव्हेंबरअखेर, म्हणून दिवाळीच्या तोंडावर पडतो. धर्म कोणताही असो, बोनस घेताना कोणी मागच्या रांगेत उभं राहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

मोगरा_बावधन

बापरे, किती लिहिलंत! सगळं वाचलं. काही गोष्टी आजच केल्या. वर्गणीची यादी ग्रुपवरून काढली, रिसेप्शनला बंद डबा ठेवला, वाटेल त्याने वाटेल तेवढं टाकावं. सरांशी बोलले. सत्यनारायण ते सोडणार नाहीत, पण सुट्टीच्या दिवशी करू म्हणाले, ज्याला यायचं तो येईल. म्हणजे आता पगारी दिवशी हजेरीचा प्रश्न नाही.

चार सुट्ट्यांसाठी गूगल फॉर्मवर मतदान घेते आहे. बरोबर ना?

निळी_शाई

पहिल्या दोन गोष्टींसाठी आभार. मतदान मात्र नको. साठात पाच जण असलेल्यांचा सण मतदानात कधीच येणार नाही, आणि वर 'लोकशाहीने ठरलं' असा शिक्का बसेल.

लेबर_कोर्टाच्या_मागे

निळी_शाईंना अनुमोदन. चार ठरवा, आणि त्यावर दोन ऐच्छिक द्या, ज्याने त्याने आपल्या निवडायच्या. कायदा किमान सांगतो, जास्त द्यायला कोणी अडवलेलं नाही. सरांना खर्च काढून दाखवा: बे डेकोरेशनला थर्माकोल, लायटिंग नि बक्षिसं धरून जातात तेवढ्यात बसत असेल.

कोकणकडा

ऐच्छिक चालेल. मी शिमग्याला घेईन. इतकी वर्षं खोटं आजारपण काढून गावाला जात होतो.

टर्नर_भोसरी

गुलमोहरताई, आज चहाला विचारलं. चाचा म्हणाले, नारळ मीच फोडणार, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. फोडताना बिस्मिल्ला म्हणतो, मशीन चालू करतानाही म्हणतो. फक्त कुंकू मशीनला लावा, मला नको. पोरं लावतात, मी बाहेर जाऊन पुसतो.

पोरांना सांगितलंय.

गुलमोहर७

सलाम चाचांना.

मोगरा_बावधन

दोन ऐच्छिक सरांकडे मांडते. रात्रपाळीताई, तुमची वही आमच्या सपोर्ट टीमला लावणार आहे, ते लोक सणालाही ऑनलाइन असतात. एक शंका. ईदची तारीख आधी पक्की नसते, मग डाव्या रकान्यात काय लिहायचं?

रात्रपाळी

दोन्ही दिवस पेन्सिलने. चंद्र दिसला की एक खोडायचा. उजवीकडच्या माणसाला दोन्ही दिवसांची कल्पना आधी द्या, तेवढं बघा.

गुलमोहर७

आणि जो दिवस खोडाल त्या दिवशी सकाळी नऊची मीटिंग ठेवू नका. ईदच्या दुसऱ्या दिवशी घरात भांडी असतात.